अलॉय आणि टायर बदलताय? आधी रिमच्या मागचे आकडे वाचा

बेस किंवा मधलं व्हेरियंट घेतलं की गाडी लोखंडी रिमवर येते, आणि दोन-चार महिन्यांत डोक्यात अलॉयचा विषय सुरू होतो. ते काही चूक नाही, चांगली चाकं लागली की गाडी खरंच वेगळी दिसते आणि योग्य टायर निवडला तर रस्त्यावर बसतेही छान. पण नवीन माणूस दुकानात गेला की त्याला फक्त दोनच गोष्टी विचारल्या जातात, गाडी कुठली आणि डिझाइन कुठलं आवडलं. बाकी सगळं "बसतंय हो, बिनधास्त घ्या" वर चालतं, आणि तिथेच घोळ होतो.

माझ्या मावसभावाच्या स्विफ्टचं असंच झालं. व्हीएक्सआय, म्हणजे मधल्या व्हेरियंटची गाडी, कंपनीचे १६५/८० आर१४ टायर. त्याने सोळा इंची अलॉय आणि २०५/५५ आर१६ टायर टाकले. मोबाइलवर टायर साइझ कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघितलं होतं, फरक फक्त दोन टक्के, म्हणजे सगळं ठीक. एकटा चालवत होता तोवर काही नाही. दिवाळीत मागे तिघं बसवून, डिकीत बॅगा भरून साताऱ्याला निघाला आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून खर्रर्र आवाज. घरी येऊन चाक काढून बघितलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर रुंदीची पट्टी सोललेली, फेंडरच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) पत्र्याच्या आतल्या कडेने अगदी खिसणीने खिसावी तशी, आणि रबराचा काळा चुरा आतल्या लायनिंगवर चिकटलेला. टायर नवे कोरे होते.

म्हणून हा लेख लिहितोय. टायरचा साइझ जुळला म्हणजे चाक जुळलं असं नसतं, चाक बसणार की घासणार हे रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा) ठरवतात, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. उदाहरणाला सगळीकडे स्विफ्टच घेतो, २०१८ ते २०२४ मधलं मॉडेल, कारण रस्त्यावर ती भरपूर आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे तुमचे घाला, पद्धत तीच.

पहिलं काम: स्वतःच्या गाडीचे आकडे लिहून काढा

ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो, त्यावर टायरचा साइझ आणि हवेचं प्रेशर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. मग टायरवर बघा. १६५/८० आर१४ ८५ टी असं काहीतरी दिसेल. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटर नाही, रुंदीच्या ८० टक्के, याच आकड्याला सिरीज म्हणतात. इथे बरेच जण फसतात, कारण ६५ सिरीजचा रुंद टायर आणि ६५ सिरीजचा अरुंद टायर यांची साइडवॉल सारखी नसते. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. शेवटचा ८५ हा लोड इंडेक्स आणि टी हा स्पीडचा, त्यांच्याकडे नंतर येतो.

आणखी एक गोष्ट नोट करा, तुमच्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला कंपनी कुठला साइझ देते. स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ येतो. हा साइझ म्हणजे कंपनीने स्वतः टेस्ट करून दिलेलं उत्तर आहे, आणि माझं मत विचाराल तर दहातल्या आठ जणांनी तिथेच थांबावं.

दुसरं: पूर्ण चाकाचा व्यास

हिशोब सोपा आहे. रुंदी गुणिले सिरीज भागिले १००, म्हणजे एका बाजूची साइडवॉल. ती दोनदा घ्या आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

१६५/८० आर१४ चं बघू. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, दोन्ही बाजूंचे २६४. रिम १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. एकूण ६१९.६ मिमी. आता १८५/६५ आर१५ करा, ६२१.५ येतं. म्हणजे रिम एक इंचाने वाढली पण चाक जवळपास तेवढंच राहिलं, दोन मिलिमीटरचा फरक. अपसाइझ म्हणतात ते हेच, रिम वाढवायची आणि साइडवॉल तेवढीच कमी करायची. १९५/५५ आर१६ घेतला तर ६२०.९, तोही जुळतो. २०५/४५ आर१७ ला ६१६.३, कागदावर तोही जुळतो. भावाचा २०५/५५ आर१६ होता ६३१.९, म्हणजे दोन टक्के मोठा.

व्यास का सांभाळायचा, तर स्पीडोमीटर आणि किलोमीटर मोजणी दोन्ही त्यावर चालतात. चाक दोन टक्के मोठं झालं की काटा १०० दाखवताना गाडी १०२ ने पळत असते. शिवाय गिअरिंग थोडं जड होतं, घाटात तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसरा मागायला लागते. उलट चाक लहान केलं तर गाडी खाली बसते. मी स्वतः दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही, एक टक्क्याच्या आत बसलं तर उत्तमच. आणि चारही चाकांना सारखाच साइझ, पुढे एक मागे एक असं छोट्या गाड्यांना करू नका, एबीएसला (जोरात ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) चारही चाकांच्या फिरण्याचा वेग कळत असतो, त्याला गोंधळात टाकून काय मिळणार.

पण आता साइडवॉलकडे बघा. १३२ मिमी, मग १२० मिमी, मग १०७, आणि सतरा इंचीला ९२. चौदावरून सतरावर गेलात तर खड्डा आणि रिम यांच्या मधली चार सेंटिमीटर गादी तुम्ही काढून टाकली. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, त्यात ९२ मिमीची साइडवॉल रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि बाजूला अंड्याएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकायचाच असतो. जोडीला रिमची कड वाकते ती वेगळी. शहरातले गुळगुळीत रस्ते सोडून कोकणात, विदर्भात, गावाकडे गाडी जात असेल तर एका इंचापेक्षा जास्त अपसाइझ मी कोणालाच सुचवत नाही.

तिसरं: पीसीडी आणि मधलं भोक

नट किती आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर बसतात तो आकडा म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, बलेनो, आय२०, होंडा सिटी या सगळ्या ४×१००, म्हणजे चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. ब्रेझा आणि क्रेटा ५×११४.३. जुनी पोलो ५×१००, जुन्या फियाट पालिओला ४×९८.

इथे तडजोड नाही म्हणजे नाही. ४×९८ वर ४×१०० ची रिम, किंवा ५×११४.३ वर ५×११२ ची रिम नट जोरात आवळून "बसवून देणारे" भेटतात. बसते, कारण भोकांना थोडी ढिलाई असते. पण नट तिरके आवळले जातात, स्टड (नट ज्यावर चढतो तो दांडा) सतत वाकत राहतो आणि एक दिवस तुटतो. चालत्या गाडीचं चाक निघण्याचा हा रस्ता आहे.

घरी मोजायचं असेल तर चार नटांच्या गाडीला समोरासमोरच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर म्हणजेच पीसीडी. पाच नटांना समोरासमोर कोणी नसतं, तिथे शेजारच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर घ्या आणि ०.५८८ ने भागा. ६७.२ मिमी आलं तर ११४.३, ६३.५ आलं तर १०८, ५८.८ आलं तर १००.

मग मधलं भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात. स्विफ्टचा हब, म्हणजे गाडीचा जो गोल भाग या भोकात बसतो तो, ५४.१ मिमी, आय२० चाही तोच, सिटीचा ५६.१, क्रेटाचा ६७.१. बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, बऱ्याचदा ७३.१, म्हणजे एकच रिम वीस गाड्यांना विकता येते. मोठं असायला हरकत नाही, लहान मात्र बसणारच नाही. पण मोठं असलं तर मधे हब रिंग घालायची, प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१ अशी. ही रिंग नसली की चाक फक्त नटांवर मध्यभागी येतं, आणि एखाद मिलिमीटर इकडेतिकडे बसलं की एक्स्प्रेसवेला ८०-९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करतात, वजनं बदलतात, अलाइनमेंट करतात, आणि घालायची राहिलेली असते दोन-तीनशेची रिंग. दुकानदाराला स्पष्ट विचारा, हब रिंग देताय का, कुठल्या मापाची.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: रुंदी आणि ऑफसेट

रिम उलटी करा. मागच्या बाजूला, स्पोकच्या आतल्या भागात ओतीव अक्षरात लिहिलेलं असतं, १६×७ जे आणि ईटी ३५ असं काहीतरी. भावाच्या रिमवर हेच होतं. हे वाचायला पाच सेकंद लागतात.

१६ व्यास, ७ इंच रुंदी. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या रुंदीच्या बरोबर मधली रेघ आणि रिम जिथे हबला टेकते तो चेहरा, यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये. ईटी जास्त असेल तर चाक आत, गाडीखाली सरकतं. ईटी कमी झाला की चाक बाहेर येतं.

आता हिशोब करू. समजा जुनी रिम साडेपाच इंची आणि ईटी ४५ आहे. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, सात इंच म्हणजे १७७.८. फरक ३८, तो दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा वाटला जातो, म्हणजे आत १९ आणि बाहेर १९. आता ईटी ४५ वरून ३५ आला, म्हणजे सगळं चाक आणखी १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला १९ अधिक १०, एकूण २९ मिमी. आतल्या बाजूला १९ वजा १०, म्हणजे ९ मिमी. चाक जवळपास तीन सेंटिमीटर बाहेर आलं! कॅल्क्युलेटरने दोन टक्के दाखवून पास केलेलं चाक फेंडरच्या कडेला घासलं ते यामुळे, उंचीचा फरक तर वरच्या बाजूला जेमतेम सहा मिलिमीटर होता.

हेच सहा इंची रिम, ईटी ४५ घेतली असती तर आत-बाहेर फक्त सहा-सहा मिलिमीटर वाढले असते. तेवढं बहुतेक गाड्या सहज पचवतात.

आणि जास्त ईटीच्या भरीला पडून चाक फार आत घेतलं तर ते शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीला किंवा स्प्रिंगच्या ताटलीला टेकायला लागतं, ते बाहेर घासण्यापेक्षा वाईट, कारण आवाज येईपर्यंत दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणून स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधे घालायच्या चकत्या विकतात. मला ते पटत नाहीत. नटाला धरायला मिळणारे आटे कमी होतात आणि बेअरिंगवर भार बाहेरून पडतो. योग्य ईटीची रिम मिळेपर्यंत थांबा.

टायर आणि रिमची रुंदी एकमेकांना जुळायला हवी हेही बघा. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५ इंचाची रिम चालते, साडेपाच आदर्श. १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७, सहा आदर्श. दिसायला छान म्हणून अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवतात, तसं करू नका. टायरची कड रिमवर नीट बसत नाही आणि फुटपाथला लागलं की पहिली रिम सोलते.

पाचवं: ओळंबा धरून बघा

हे माझं आवडतं काम. सुतळीला एक जड नट बांधा, झाला ओळंबा. गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग सरळ. चाकाच्या बरोबर वर फेंडरच्या कडेला सुतळीचं टोक चिकटपट्टीने लावा आणि नट खाली लोंबू द्या. सुतळी आणि टायरच्या बाहेरच्या भागामध्ये किती जागा आहे ते फूटपट्टीने मोजा. समजा १८ मिमी आली, तर मगाशी काढलेला २९ चा आकडा आठवा, नवीन चाक ११ मिमी बाहेर डोकावणार. झालं कळलं, दुकानात जायच्या आधीच. एक मात्र लक्षात ठेवा, टायर जुन्यापेक्षा रुंद घेतला तर त्याचा फुगीर भागही थोडा बाहेर येतो, म्हणून चार-पाच मिलिमीटर हातचे राखा.

मागच्या चाकाला हे मोजताना मागच्या सीटवर तीन धष्टपुष्ट माणसं बसवा. रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही. आपल्याकडे गाडी लग्नाला जाते, गावाला जाते, पाच जण आणि डिकीत तांदळाचं पोतं, तेव्हा मागचं सस्पेन्शन जे दबतं ते खरं. पुढच्या चाकाला स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून आत हात घालून बघा, टायर आणि शॉकअॅब्सॉर्बरमध्ये बोट आरामात फिरलं पाहिजे. नव्या रिमने आत किती मिलिमीटर खाल्ले जाणार तो आकडा यातून वजा करायचा.

ब्रेक कॅलिपरही (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बघून घ्या. रिमचा व्यास पुरला तरी स्पोकचा आकार आत झुकलेला असेल तर कॅलिपरला टेकतो. हे कागदावर कळत नाही, टायर न चढवता नुसती रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघावी लागते. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

लोड, स्पीड आणि तारीख

लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नका, इथे चर्चा नको. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. आणि ८४ म्हणजे ५००. २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, म्हणजे टायर रुंद झाला, महाग झाला आणि वजन पेलायची ताकद कमी झाली! त्यातला एक्सएल (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला ८८ चा असतो, पण त्याला ते वजन पेलायला हवाही जास्त लागते. स्पीडमध्ये टी म्हणजे ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, मूळ अक्षरापेक्षा खालचं घेऊ नये एवढंच.

साइडवॉलवर डॉट या अक्षरांच्या पुढे आकड्यांची ओळ असते, त्यातले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. नवीन म्हणून दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल घेऊ नका, आणि चारही टायरचे अंक स्वतः वाकून वाचा, दुकानदार दाखवेल तो एकच वाचून नका येऊ.

नट आणि स्टेपनी

अलॉयची नटाची बैठक बहुतेक वेळा शंकूसारखी, साठ अंशांची असते. होंडाच्या कंपनी रिमला गोल बैठकीचे नट असतात, ते बाजारच्या शंकू बैठकीच्या अलॉयला लावले तर नीट टेकतच नाहीत. आटेही वेगळे, सुझुकीला १२×१.२५ आणि ह्युंदाई, होंडाला १२×१.५. दिसायला सारखे, दोन आटे हाताने फिरतातही, आणि मग नट आवळायच्या गनने आवळला की स्टडचे आटे साफ. म्हणून प्रत्येक नट आधी हाताने पूर्ण आत जातोय ना ते बघायचं, मगच पाना.

स्टेपनी लोखंडीच राहणार असेल तर जुने नट फेकू नका, डिकीत पिशवीत ठेवून द्या. अलॉयचे लांब नट लोखंडी रिमला बसतीलच असं नाही, आणि हे रात्री अकराला हायवेच्या कडेला कळून उपयोग नाही. व्यास जुळवला असेल तर जुनी स्टेपनी दुकानापर्यंत नेण्यापुरती चालते.

कायदा आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइझ घेणं इथेही सगळ्यात सुरक्षित. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं पोलिसांच्या नजरेत येतात आणि पावसात मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल उडवतात, त्या माणसाचाही विचार करा. अलॉय बाहेरून लावले की इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या, बिल जपून ठेवा.

दुकानात गेल्यावर

कागदावर पाच आकडे लिहून न्या: पीसीडी, सेंटर बोअर, रिमची रुंदी, ईटी आणि टायरचा पूर्ण साइझ लोड इंडेक्ससकट. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर तुमच्या गावच्या टायरवाल्याकडे, कागद पुढे केला की बोलण्याचा सूर बदलतो. रिमवरचं ओतीव लिखाण स्वतः वाचा, बॉक्सवरच्या स्टिकरवर जाऊ नका. रिमवर कुठेच भार क्षमता किंवा बनवणाऱ्याचं नाव नसेल तर ती घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. सेकंडहँड असेल तर बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवायला लावा, कड लाटेसारखी हलताना डोळ्यांना दिसते, आणि आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग किंवा ताज्या रंगाचा ठिपका शोधा. वेल्ड केलेली रिम फुकट दिली तरी नको.

भावाने शेवटी काय केलं, तर ते अलॉय तोट्यात विकले आणि टॉप व्हेरियंटचे कंपनीचे पंधरा इंची घेतले, १८५/६५ टायरवर. पाच माणसांनी भरून गाडी आंबेनळी घाटातून उतरवली, एकदाही आवाज नाही.

चाकं बसवताना नट चांदणीसारखे समोरासमोर आवळायला सांगा, गन फक्त टेकवण्यापुरती, शेवटची ताकद टॉर्क पान्याने (किती ताकद लागली ते दाखवणाऱ्या पान्याने), आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या आसपास. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट. शंभर किलोमीटर चालली की सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्या, नवीन अलॉयची बैठक थोडी दबते. आणि पहिल्याच आठवड्यात घरच्या सगळ्यांना बसवून एक फेरी मारा, मोठ्या स्पीडब्रेकरवरून हळू न्या, उतरून चारही फेंडरच्या आतून हात फिरवा. हाताला काळा चुरा लागला तर लगेच दुकानात परत, बिल घेऊन.